नाव लपवलंस, सवयी तशाच राहिल्या

पत्र (थोडक्यात, आणि ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय):

"ताई, अडीच वर्षांपासून मी एका खोट्या नावाच्या अकाउंटवरून लिहिते. डिप्रेशन, गोळ्या, थेरपी, आणि आता नवऱ्यापासून वेगळं होणं, जे कुणाशी बोलता येत नाही ते सगळं तिथे. फोटो नाही, खरं नाव नाही, लॅपटॉपवर कायम इन्कॉग्निटोमधूनच उघडते. मागच्या आठवड्यात ऑफिसमधली एक जण जवळ येऊन हळूच म्हणाली, 'ते अकाउंट तुझंच ना गं?' मी हसून विषय बदलला पण तेव्हापासून झोप उडालीये. एक मैत्रीण म्हणते व्हीपीएन घे, दुसरी म्हणते आजच्या आज सगळं डिलीट कर, भाऊ म्हणतो चुकीचं काही केलं नाहीयेस तर लपवतेस कशाला. तिला कळलं कसं? आता मी काय करू? आणि भावाचं बरोबर आहे का? मला अगंतुगं केलंत तरी चालेल. – कुणीच नाही"

प्रिय कुणीच नाही,

अगंतुगं करायला सांगितलंस ते बरं झालं, कारण मला तुला थोडं ओरडायचंय आणि ते अहोजाहो करून नीट जमत नाही. ओरडणं पुढे येईल. आधी एकच गोष्ट ऐक, आज रात्री काहीही डिलीट करू नकोस.

हात शिवशिवत असतील माहितीये मला. पण बघ, तिनं विचारलं आणि चार दिवसांत अकाउंट गायब झालं तर तिला 'हो, माझंच' असं तू लेखी दिल्यासारखं होईल. शिवाय डिलीट केल्यानं तुझ्याकडचं जातं, दुसऱ्यांकडचं नाही, कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवले असतील तर ते तसेच राहणार, आणि इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्था तर १९९६ पासून वेबपेजेसच्या प्रती साठवत बसलीये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलेलं दिसत नाही, तू नवऱ्यापासून वेगळी होतीयेस. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं असेल किंवा जाणार असेल तर आपलं जुनं लिखाण घाईघाईनं पुसणं हे उद्या 'पुरावा नष्ट केला' म्हणून तुझ्याच अंगावर येऊ शकतं. वकिलाला विचार, मग हात लाव. तोपर्यंत अकाउंट प्रायव्हेट कर, नवीन कुणाला आत घेऊ नकोस आणि थोडे दिवस गप्प बस. प्रायव्हेट करणं पण थोडं बोलकंच आहे, मान्य, पण लोक आपापलं अकाउंट अधूनमधून बंद-चालू करतच असतात, त्यात एवढं काही नाही.

आता इन्कॉग्निटो. या शब्दानं किती लोकांना फसवलंय याची गणतीच नाही. इन्कॉग्निटोमध्ये एवढंच होतं की विंडो बंद केल्यावर तुझ्या त्या लॅपटॉपवर हिस्टरी आणि कुकीज उरत नाहीत. म्हणजे तुझ्यानंतर तोच लॅपटॉप जो उघडेल त्याच्यापासून लपलीस, बास. ज्या साइटवर गेलीस तिला तू दिसतेस, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कुठल्या साइटवर गेलीस ते दिसतं, ऑफिसचं नेटवर्क असेल तर त्यांनाही, आणि तू लॉगिन केलंस की मग काय, स्वतःच सांगून मोकळी झालीस मी कोण ते. २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर याच्यावरून खटला झाला होता, की लोक इन्कॉग्निटोमध्ये असतानाही तुम्ही त्यांची माहिती गोळा करता, आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन गूगलनं तो साठा नष्ट करायचं मान्य केलं. आणि हो, ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवरून हे अकाउंट उघडत असशील तर ते आजपासून बंद. तो लॅपटॉप ऑफिसचा आहे आणि त्यात त्यांनी काय काय बसवलंय ते तुला दिसत नाही.

बरं, तिला कळलं कसं. तू सगळा विचार मशीनच्या बाजूनं केलायस, हॅक झालं का, वायफायवरून कळलं का वगैरे. माझी पैज आहे की यातलं काहीही झालेलं नाहीये. अडीच वर्षांपूर्वी अकाउंट उघडताना तू स्वतःचा मोबाईल नंबर दिला असशील, कारण ओटीपी यायला दुसरा नंबर असतो कुणाकडे. हिच्या फोनमध्ये तुझा नंबर आहे, एकाच ऑफिसात आहात तर असणारच. हिनं कधीतरी ॲपला कॉन्टॅक्ट्सची परमिशन दिली, सगळेच देतात, अलाऊ अलाऊ करत पुढे जायचं असतं. साइटकडे आता दोन याद्या झाल्या, एक हिच्या फोनबुकची आणि एक कुठल्या नंबरवर कुठलं अकाउंट आहे त्याची. जुळवून टाकलं आणि एक दिवस हिला दाखवलं, 'तुम्ही यांना ओळखत असाल'. हिनं सहज उघडलं, दहा पोस्ट वाचल्या, झालं. यात वाईट काय आहे तर तू तुझ्या फोनवर कॉन्टॅक्ट्सची परमिशन नाकारली असलीस तरी फरक पडत नाही, कारण तुझा नंबर तुझ्या हातातच नाहीये, तो दोनशे लोकांच्या फोनमध्ये पडलाय. २०१६ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची बातमी आली होती, त्यांच्या पेशंट्सना फेसबुक एकमेकांची नावं ओळखीचे म्हणून सुचवायला लागलं होतं. विचार कर, वेटिंग रूममध्ये एकमेकांकडे बघायचं टाळणारी माणसं ती.

आणि २०२२ मध्ये ट्विटरनं स्वतःच कबूल केलं की आदल्या वर्षीच्या एका अपडेटमधल्या चुकीमुळे कुणीही ईमेल किंवा फोन नंबर टाकून त्यावर कुठलं अकाउंट आहे ते काढू शकत होतं. टोपणनावानं लिहिणाऱ्यांना तेव्हा कंपनीनंच सल्ला दिला की लोकांना माहीत असलेला नंबर किंवा ईमेल या अकाउंटला जोडू नका. म्हणजे मी तुला जे सांगतीये ते माझं खूळ नाही, कंपनीच सांगून बसलीये.

तर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी शोध. एक, फोन नंबर किंवा ईमेलवरून लोकांना मी सापडावी का, ते बंद. दोन, कॉन्टॅक्ट्स अपलोड, ते बंद आणि आधी अपलोड झालेले असतील तर ते पुसून टाकायचं बटण वेगळं असतं तेही दाब, बरेच जण फक्त पहिलं करतात. तुझं अकाउंट दुसऱ्यांना सुचवू नये असंही एक सेटिंग काही ठिकाणी असतं, सापडलं तर तेही बंद करून टाक.

पण समजा नंबरवरून कळलं नसेल तर? तर मग तुझ्या लिहिण्यातून कळलं. आणि इथे मी तुला ओरडणार आहे.

तू म्हणतेस खरं नाव कुठेच नाही. नावाची गरज कुणाला असते गं. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं संशोधकांना उपयोगी पडेल म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च खुले करून टाकले, दोनेक कोटी सर्च. नावं काढली होती, प्रत्येक माणसाला एक आकडा दिला होता, म्हणजे झालं की निनावी असं त्यांना वाटलं. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका आकड्यामागची बाई शोधून काढली, नुसतं ती काय काय शोधत होती ते वाचून. राहतो तो भाग, तिच्याच आडनावाचे लोक, कुत्र्याची तक्रार, दुखणी, एकेकटं बघितलं तर काहीच नाही, एकत्र ठेवलं की एकच माणूस उरतो. लटान्या स्वीनी नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की फक्त जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि पिनकोडसारखा भागाचा नंबर एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. २०१३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाईलचा पंधरा महिन्यांचा डेटा घेतला होता, त्यात माणूस कुठे होता आणि कधी होता असे फक्त चार ठिपके मिळाले तरी ९५ टक्के लोक वेगळे काढता आले. चार ठिपके. तू अडीच वर्षं लिहितीयेस.

आणि ऑफिसातल्या बाईला तर कंप्युटरही लागत नाही. तू ज्या दिवशी 'आज मीटिंगमध्ये रडू आलं, बाथरूममध्ये जाऊन आले' लिहिलं असशील त्या दिवशी ती त्या मीटिंगमध्ये बसली होती. हे अनोळखी माणसाला कधीच जमणार नाही, ओळखीच्या माणसाला एका पोस्टमध्ये जमतं. त्यात तुझी बोलायची ढब. प्रत्येकाचे काही शब्द असतात, तुझ्या पत्रात 'असो बापडं' तीन वेळा आलंय (वर मी ते काढलंय) आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन टिंब, तीन नाही, दोनच. ऑफिसच्या ग्रुपवर पण असंच लिहीत असशील ना? २०१३ मध्ये जे. के. रोलिंग यांनी पुरुषाच्या टोपणनावानं एक रहस्यकादंबरी काढली होती, तेव्हा अभ्यासकांनी शब्दांची लांबी, परत परत येणारे बारीकसारीक शब्द असलं सगळं कंप्युटरवर मोजून सांगितलं की हे त्यांच्याशी जुळतंय. पण खरी गंमत पुढे आहे, मुळात ही कुजबुज सुरू कशी झाली, तर त्यांच्या वकिलांच्या ऑफिसातल्या एकानं बायकोच्या मैत्रिणीला विश्वासानं सांगितलं आणि त्या मैत्रिणीनं ट्विट करून टाकलं. मोजमाप नंतर आलं, पहिली गळती माणसाच्या तोंडून. (आणि मी तुला वर वकिलाला सांग म्हणतीये. असू दे, तरी सांगच.)

आता तुझं पत्र. तू ते मेलमध्ये न लिहिता वर्डची फाईल जोडून पाठवलंस, नवीन ईमेल उघडून, खोट्या नावानं, एवढी काळजी घेऊन. मी फाईलच्या प्रॉपर्टीज उघडल्या. लेखक म्हणून तुझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट, आणि खाली तू जिथे काम करतेस त्या कंपनीचं पण. वर्ड बसवताना कुणीतरी भरलेलं असतं ते आणि मग प्रत्येक फाईलला चिकटून जातं, दिसत कुठेच नाही. मी ती फाईल मेलसकट पुसली आहे, घाबरू नकोस, पण हेच दुसऱ्या कुणाला पाठवलं असतंस तर?

फोटोचंही तसंच. फोननं काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश असतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत फिरत होते, अँटीव्हायरस कंपनी काढलेला माणूस बरं का, कंप्युटरमधलं कळत नव्हतं असं नाही, आणि व्हाइस मासिकानं त्यांच्यासोबत असल्याचा फोटो टाकला त्यात लोकेशन तसंच राहिलं होतं. ग्वाटेमाला, थेट जागेसकट. मोठ्या सोशल साइट्स फोटो लोकांना दाखवताना ही माहिती बहुतेक वेळा काढून टाकतात पण मेलनं किंवा फाईल म्हणून पाठवलास तर ती तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून टाक, कायमचं. मी स्वतः काय केलंय सांगू, एकदा एका ठिकाणी नाव न सांगता एका सेवेबद्दल तक्रार लिहिली, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट लावला, आणि त्या स्क्रीनशॉटच्या वर नोटिफिकेशन आलेलं होतं ज्यात मला माझ्या लाडक्या नावानं हाक मारलेली होती. खाली पहिलीच कमेंट, 'अय्या, तू?' तेव्हापासून स्क्रीनशॉट कापल्याशिवाय टाकत नाही.

व्हीपीएनबद्दल फार वेळ घालवत नाही. व्हीपीएन घेतलंस की तुझ्या इंटरनेट कंपनीला तू कुठल्या साइटवर गेलीस ते दिसत नाही, आणि साइटला तुझा खरा आयपी ॲड्रेस, म्हणजे तुझ्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, दिसत नाही. तेच सगळं आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. म्हणजे विश्वास एकाकडून उचलून दुसऱ्याकडे ठेवलास, आणि फुकटवाला घेतलास तर तो कशावर जगतो हा प्रश्न विचारून घे. यातलं काही तुझ्या ऑफिसातल्या बाईला थांबवत होतं का? नाही. टॉर म्हणून ओळख लपवणारं एक नेटवर्क आहे, ते त्याच्या बरंच पुढचं, मुळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सुरू झालेली कल्पना, तीन टप्प्यांतून फिरवून नेतं त्यामुळे कुठल्याच एकाला दोन्ही टोकं दिसत नाहीत. ज्यांना सरकारपासून जीव वाचवायचाय त्यांच्यासाठी अनमोल. पण २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली आणि तो लगेच सापडला, का, तर टॉर त्यानं युनिव्हर्सिटीच्याच वायफायवरून चालवलं होतं आणि त्या वेळेला तिथे टॉर वापरणारे होतेच किती. टॉर कुठे तुटलं नाही, त्याच्या भोवतीची गर्दीच कमी पडली.

म्हणून कुठलंही ॲप घ्यायच्या आधी एक कागद घे आणि लिही की मला नक्की कुणापासून लपायचंय. जाहिरातवाल्या कंपन्यांपासून? सरकारपासून? ऑफिसपासून? तुझं पत्र वाचून मला तरी वाटतं तुझी यादी दोनच नावांची आहे, ऑफिस आणि नवरा. आणि तू नवऱ्याबद्दल एक ओळ लिहून पुढे गेलीस, मला तिथेच जास्त काळजी वाटते.

कारण नवऱ्याला काही हॅक करायची गरजच नाही, त्याच्याकडे किल्ल्या आहेत. जुना टॅबलेट घरात पडला असेल त्यात तुझं अकाउंट लॉगिन असेल. तुझ्या मेलचा पासवर्ड विसरला तर कोड कुठल्या नंबरवर जातो, त्याचा नंबर दिलेला होतास का कधी? 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव' असल्या प्रश्नांची उत्तरं त्याला तुझ्याइतकीच पाठ आहेत. ब्राउझर एकाच अकाउंटनं दोन लॅपटॉपवर सिंक केलेला असेल तर तू सेव्ह केलेले पासवर्ड आणि हिस्टरी तिकडेही उमटते. फोटोंचा क्लाउड शेअर असेल, फॅमिली प्लॅनमध्ये तो मुख्य असेल, लोकेशन शेअरिंग कधीतरी प्रवासाला जाताना चालू केलं आणि तसंच राहिलं असेल. व्हॉट्सॲप कंप्युटरवर जोडलेलं असेल. फोनचा पिन त्याला माहीत असेल, कदाचित त्याचं बोटही तुझ्या फोनमध्ये नोंदवलेलं असेल. हे एकेक करून बघ, एका शांत दुपारी, त्याचा हात पोचत नाही अशा फोनवरून. मेलच्या आणि प्रत्येक मोठ्या अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर 'कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे' अशी यादी असते, ओळखीचं नसेल ते काढ, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल बदल, पासवर्ड बदल, आधी मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलमधूनच रिसेट होतात.

फक्त एक, नवरा चिडका असेल, हात उगारणारा असेल, तर हे सगळं एकदम करू नकोस. अचानक सगळीकडून बाहेर काढलं की त्याला लगेच कळतं आणि त्याची प्रतिक्रिया काय येईल ते तुलाच माहीत. तसं असेल तर आधी अशा बायकांना मदत करणाऱ्या संस्थेशी किंवा वकिलाशी बोल, ते सुद्धा दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, आणि कुठली गोष्ट कधी बदलायची ते त्यांच्याबरोबर ठरव. मेसेजवर बोलायचं झालं तर सिग्नल नावाचं मेसेजिंग ॲप वापर. २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टाच्या आदेशानं त्यांच्याकडे एका युजरची माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांच्याकडेच नव्हतं. पण फोन दुसऱ्याच्या हातात उघडा पडला तर सिग्नल काय करणार, म्हणून पिन आधी.

पासवर्डचं अजून एकच. हॅव आय बीन पोन्ड नावाची साइट आहे, ट्रॉय हंट या माणसानं २०१३ पासून चालवलेली, तिथे आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटलेल्या डेटामध्ये आलाय ते दिसतं. टाकून बघ. एकच पासवर्ड चार ठिकाणी असेल तर बस झालं आता, पासवर्ड सांभाळणारं ॲप, पासवर्ड मॅनेजर, घे आणि लॉगिनचा कोड एसएमएसनं न मागवता फोनवरच कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधून घे.

तुला परत लिहायचंय हे मला दिसतंय, पत्रात 'बंद करू का' असं कुठेच विचारलं नाहीयेस. मग नवीन अकाउंट उघड, पण घाई न करता आणि जुन्याशी एक धागाही न ठेवता. नवीन ईमेल, ज्याला तुझा नंबर रिकव्हरीला नाही. फोनवर ॲप नको, वेगळ्या ब्राउझरमध्ये उघड ज्यात तुझं दुसरं काहीच उघडत नाहीस, गूगल नाही, ऑफिस नाही, काही नाही. फोन नंबर मागितलाच तर ती साइट सोड, दुसरी बघ. युजरनेम असं घे की जे तू आयुष्यात कुठेही वापरलेलं नाहीस. सिल्क रोड ही ड्रग्ज विकायची छुपी साइट चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट एवढा हुशार, टॉर काय, बिटकॉइन काय, आणि सापडला कशावरून तर २०११ मध्ये त्यानं ज्या टोपणनावानं साइटची जाहिरात केली त्याच टोपणनावानं काही महिन्यांनी प्रोग्रामर हवा म्हणून पोस्ट टाकली आणि त्यात खऱ्या नावाचा जीमेल दिला. त्याच्या धंद्याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही पण चूक बघ, तुझीमाझीच आहे.

जुन्या अकाउंटवर 'मी आता इकडे असते' असं लिहायचं नाही, कितीही प्रेमाचे फॉलोअर असले तरी. जुन्यावर ज्या तीस जणांना फॉलो करत होतीस त्या तीस जणांना परत करायचं नाही, ती यादीच सही असते. लिंक शेअर करताना प्रश्नचिन्हाच्या पुढची लांबलचक शेपटी कापून टाक, कुणी शेअर केली त्याची खूण बऱ्याचदा त्यात असते. आणि लिहिताना उशीर कर. आजची मीटिंग आज नको, तीन आठवड्यांनी लिही, मीटिंगच्या जागी लग्न कर, बॉसच्या जागी सासरचं कुणी, बहिणीला भाऊ कर, मुलाचं वय बदल. रडू तेवढं खरं ठेव. वाचणाऱ्याला तेच हवं असतं, तुझ्या मीटिंगमध्ये कुणाला रस आहे. 'असो बापडं' मात्र सोडावं लागेल, वाईट वाटतंय मला, छान आहे ते.

एवढं करूनही शंभर टक्के निनावी कुणीच नसतं. पण तुला शंभरची गरजच नाहीये, तुला एवढंच हवंय की ओळखीच्या माणसाला सहज सापडू नये, आणि ते यातून होतं.

भावाचं. भाऊ वाईट नाहीये, त्याला फक्त असं वाटतं की लपवणं म्हणजे चूक झाकणं. त्याला हे वाक्य वाचायला दे, 'दोन महिने झाले, रात्रभर झोप येत नाही.' डॉक्टरला सांगितलं तर लक्षण. मैत्रिणीला सांगितलं तर जवळीक. बॉसला कळलं तर प्रमोशनच्या वेळी डोक्यात राहील. नवऱ्याच्या वकिलाला मिळालं तर मुलं हिच्याकडे कशी ठेवायची असा मुद्दा. वाक्य तेच, तू काही बदललं नाहीस, चुकीचंही काही केलं नाहीस, ऐकणारा बदलला. हेलन निसेनबॉम या अभ्यासक बाईंनी २००४ मध्ये हेच नीट मांडलं की प्रायव्हसी म्हणजे गुपित ठेवणं नाही, जी गोष्ट ज्या नात्यात सांगितली ती त्या नात्याच्या नियमानं राहणं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही खासगीपणा बाराव्या कलमात आहेच, पण भावांना कलमं सांगून काही होत नाही, वाक्य दे.

आता ती ऑफिसातली. मी एवढे अंदाज बांधले, नंबर, मीटिंग, दोन टिंब, पण खरं उत्तर एकाच माणसाकडे आहे आणि ती तुझ्यापासून चार टेबलं लांब बसते. तिनं हे सगळ्यांसमोर विचारलं नाही, ग्रुपवर टाकलं नाही, जवळ येऊन हळूच विचारलं. चहाटळ माणूस असं विचारत नाही. मला तर वाटतं ती बरेच दिवस तुझं वाचत असेल आणि कदाचित तिचीही झोप उडालेली असेल, पण हे माझं वाटणं झालं, तू तिला ओळखतेस, मी नाही. भरवसा वाटत असेल तर एकटी गाठ आणि हो-नाही काही न म्हणता एवढंच विचार, 'तुला ते कुठं दिसलं गं?' 'मला सजेशनमध्ये आलं' म्हणाली तर नंबरचं काम आधी कर, 'वाचताना वाटलं तूच' म्हणाली तर लिहिण्याचं. भरवसा नसेल तर विषय काढूच नकोस, तू हसून बदललास तेवढं पुरे आहे, परत परत नाही म्हणत बसलीस तर उलट तिला खात्री होईल.

काय झालं ते कळव. आणि या वेळी मेलमध्येच लिही, फाईल नको.

– तुझी ताई